शिक्का नसलेली चूल आणि विम्याचा रकाना

पत्र:

आम्ही मिनेसोटात, ड्युलुथपासून पाऊण तासावर, गावाबाहेर राहतो. घर लाकडी, खाली तळघर. मागच्या हिवाळ्यात बर्फाच्या वादळात तीन दिवस वीज गेली. टाकीत प्रोपेन होता, पण घर तापवणाऱ्या फर्नेसचा पंखा विजेवर चालतो, त्यामुळे आम्ही पाचही जण एका खोलीत गोधड्या घेऊन बसलो. त्यानंतर यांनी एका फिनिश शेजाऱ्याकडचा दगडी मेसनरी हीटर (लाकूड जाळून तापणारी, जागेवर बांधलेली दगड-विटांची भट्टी) पाहिला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. गवंडी मिळालाय, तो अनामत मागतोय. बांधकाम कार्यालयात फोन केला तर तिथल्या बाईंनी यूएल नंबर, म्हणजे यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेच्या मान्यतेचा नंबर, विचारला. गवंडी म्हणतो, याला तसला नंबर नसतोच. विमा एजंट म्हणाला, वूड स्टोव्ह असेल तर हप्ता वाढेल, कदाचित नूतनीकरणच होणार नाही. हे म्हणतात, सांगायचंच कशाला, फायरप्लेस आहे म्हणू. सासूबाई कोल्हापूरकडच्या. त्या म्हणतात, जन्मभर चुलीवर रांधलं, कुणाची परवानगी काढली नव्हती. आधी कुणाकडे जावं? आणि जाता जाता: त्याला भाकरीसाठी ओव्हन जोडता येतो का?
– गारठलेली वाचक

उत्तर:

ताई,

अनामत दिली नसेल तर अजून देऊ नका. दिली असेल तर करारात एक ओळ वाढवून घ्या: परमिट किंवा विम्याची लेखी संमती मिळाली नाही तर अनामत परत. चांगला गवंडी या ओळीला नाक मुरडत नाही, कारण अर्ध्यावर अडकलेलं काम त्यालाही नको असतं. मुरडलंच तर दुसरा गवंडी शोधा. उत्तर अमेरिकेत मेसनरी हीटर असोसिएशन नावाची या कारागिरांची संघटना आहे आणि ती प्रमाणपत्र देते. तुमचा गवंडी त्यात आहे का ते विचारा. फायरप्लेस बांधणारा उत्तम गवंडी हीटर बांधू शकेलच असं नाही.

आता क्रम. तुम्ही आधी बांधकाम कार्यालयाला फोन केलात, मग एजंटला. बहुतेक जण असंच करतात. मी उलटं सांगेन: आधी विमा, मग परमिट, मग गवंड्याची अनामत. परमिट नाकारलं तर कारण लेखी मिळतं, आराखडा सुधारून पुन्हा देता येतो, संहितेचं कलम दाखवून वाद घालता येतो. विमा कंपनीशी तसा वाद घालता येत नाही. तिला नको वाटलं तर नूतनीकरणाच्या वेळी ती हात जोडून मोकळी होते. घरावर कर्ज असेल तर बँकेला विमा अखंड हवा असतो. तो तुटला की बँक स्वतःच्या पसंतीचा विमा काढून त्याचं बिल तुमच्या माथी मारते. तो महाग असतो आणि त्यात बहुधा नुसती इमारत धरलेली असते, तुमचं सामान नाही.

मी तीसेक वर्षं इथल्या एका शहराच्या बांधकाम खात्यात घरांचे नकाशे तपासले. तेवढ्या काळात मेसनरी हीटरचे अर्ज माझ्या टेबलावर आले ते एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून त्या फोनवरच्या बाईंवर रागावू नका, एजंटवरही नको. त्यांच्यासमोर एक फॉर्म असतो. त्यात रकाने असतात: कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, यूएल. कारखान्यातून येणाऱ्या लोखंडी स्टोव्हच्या पाठीवर एक धातूची पट्टी असते, तिच्यावर हे सगळं कोरलेलं असतं. तुमचा हीटर तुमच्याच बैठकीच्या खोलीत, वीट-वीट करून उभा राहणार. त्याच्या पाठीवर पट्टी कुठून येणार? ज्याला शिक्का नाही त्याला शिक्का मागणाऱ्या फॉर्ममध्ये कसं बसवायचं, एवढाच तुमचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर संहितेत आधीच लिहिलेलं आहे, फक्त ते तुम्ही त्यांच्या हातात नेऊन द्यायचं.

ते असं. इथल्या बहुतेक राज्यांच्या घरबांधणीच्या नियमांचा पाया म्हणजे आयआरसी ही संहिता. मिनेसोटाची २०२० साली लागू झालेली निवासी संहिता तिच्या २०१८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. सध्या कोणती आवृत्ती चालू आहे ते कार्यालयालाच विचारून घ्या. आयआरसीत आर १००२ हे अख्खं कलम मेसनरी हीटरचं आहे. फायरप्लेसचं वेगळं, १००१. हीटर मान्य होण्याचे वेगवेगळे मार्ग हे कलम देतं. एक, यूएल १४८२ या चाचणीतून पास झालेला हीटर. दुसरा, एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ई १६०२ या मार्गदर्शकाप्रमाणे जागेवर बांधलेला हीटर. यातला कुठलाही एक पुरतो, दोन्ही लागत नाहीत. म्हणजे गवंडी म्हणतो ते खरं, आणि बाईंनी विचारलेलंही चूक नाही. त्यांनी पहिला मार्ग गृहीत धरला, तुमचा दुसरा आहे. पुढच्या वेळी फोन न करता ईमेल करा. विषयाच्या जागी ‘आर १००२ मेसनरी हीटर, एएसटीएम ई १६०२नुसार, जागेवर बांधायचा’ असं लिहा. वूड स्टोव्ह हा शब्द ईमेलमध्ये कुठेही येऊ देऊ नका. आणि फायरप्लेसही नको, यांना सांगा.

शब्दांवरून मी एवढा काथ्याकूट करतोय कारण विम्याचा सगळा डाव या तीन नावांवर आहे. सासूबाईंना ते एका वाक्यात कळेल. त्यांना गुऱ्हाळातलं चुलवण आठवायला सांगा. एका तोंडातून चिपाडं सारायची, जाळ काहिलीखालून लांब पळत जातो आणि शेवटी धुराड्यातून बाहेर पडतो. किंवा घरातल्या चुलीचा वैल: पुढच्या तोंडाशी भाकरी, आणि मागे, जाताजाताच्या आचेवर आमटी. मेसनरी हीटर म्हणजे एकामागून एक नुसते वैल. जाळ भट्टीतून वर जातो, मग विटांच्या बोळांतून खाली-वर फिरतो, वाटेत सगळी ऊब विटांना देतो आणि बराच थंड होऊन धुराड्याला लागतो. दीड-दोन तासांत वीसेक किलो सुकं लाकूड भडाभडा जाळायचं, निखारे विझले की झडप लावायची. मग ते तीन-चार टनांचं धूड पुढचे बारा ते चोवीस तास हळूहळू तापट माणसासारखं निवत राहतं.

लोखंडी स्टोव्हमध्ये लोक रात्री ओंडके भरतात आणि हवा कमी करून झोपतात. लाकूड धुमसतं, धुराड्याच्या आतून डांबरासारखा थर बसतो, आणि एक दिवस तो थरच पेटतो. विमा कंपनी घाबरते ती याला. हीटर धुमसवायचा नसतोच. आग एकदा, मोठी, दार लावून, माणूस जागा असताना. अंडररायटरला, म्हणजे कंपनीत जोखीम तोलणाऱ्या माणसाला, लिहायच्या पत्रात ही गोष्ट चार ओळींत आली पाहिजे. एजंटला तोंडी सांगून उपयोग नाही. निर्णय एजंट घेत नाही, अंडररायटर घेतो, आणि तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचेतो ‘क्लायंट वॉन्ट्स वूड स्टोव्ह’ एवढंच उरतं. तुम्हीच लिहा आणि एजंटला ते जसंच्या तसं पुढे पाठवायला सांगा.

पत्राला काय जोडायचं? गवंड्याचा मापांसकट आराखडा, त्याच्या स्वतःच्या व्यवसाय-विम्याचं प्रमाणपत्र, परमिट घेणार आहात आणि शेवटच्या तपासणीचा दाखला पाठवाल याची एक ओळ, आणि फॉर्मवरच्या रिकाम्या रकान्यांत काय लिहायचं ते. कंपनीच्या रकान्यात ‘जागेवर बांधलेला’, मॉडेलच्या रकान्यात ‘एएसटीएम ई १६०२’, यूएलच्या रकान्यात ‘लागू नाही, आयआरसी आर १००२’. रकाना कोरा सोडलात तर कोऱ्या रकान्याचा अर्थ ते त्यांना सोयीचा तो लावतील.

आणखी एक ओळ फार महत्त्वाची: घराची मुख्य ऊब प्रोपेनच्या फर्नेसचीच राहील, हीटर जोडीला. हे लिहिणं खोटं नाही आणि तसंच ठेवाही. संहितेप्रमाणे इथल्या घरात राहत्या खोल्यांत ६८ अंश फॅरनहाइट टिकवणारी सोय लागते, आणि तुम्ही दोन आठवडे कोल्हापूरला गेलात तर हीटरमध्ये लाकूड घालायला कोण येणार? पाण्याच्या नळ्या गोठून फुटल्या तर त्याचाही दावा विमा कंपनीकडेच जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ‘आता फर्नेस काढून टाकू’ असं यांनी उत्साहात एजंटसमोर बोलायचं नाही.

एवढं करूनही कंपनी नाही म्हणाली तर? म्हणू शकते. मग दुसरी शोधा. एकाच कंपनीचा एजंट न धरता अनेक कंपन्यांचं काम करणारा स्वतंत्र एजंट गाठा. मिनेसोटात टाउनशिप म्युच्युअल नावाच्या जुन्या आग-विमा संस्था अजून आहेत. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन काढलेल्या, आपल्याकडच्या सहकारी सोसायटीच्या जातकुळीतल्या. लाकडावर ऊब घेणारी घरं त्यांना नवी नाहीत. हप्ता थोडा वाढला तर वाढू द्या. वाढलेला हप्ता हा एका अर्थी तुमच्या बाजूचा पुरावा असतो: कंपनीला माहीत होतं आणि तिने पैसे घेतले.

इथेच यांच्या ‘सांगायचंच कशाला’चं उत्तर येतं. आमच्या घरी अकरा वर्षांपूर्वी हीटर बांधला तेव्हा मी इतकं शिकून-सवरूनही आळस केला. परमिट काढलं, पण विमा कंपनीला ‘कळवू सावकाश’ म्हणून राहिलो. पुढच्या वर्षी कंपनीचा कुणी माणूस रस्त्यावरून घराचे फोटो काढून गेला. छतावर नवं धुराडं, पॉलिसीत त्याचा उल्लेख नाही. तीस दिवसांत खुलासा करा, असं पत्र आलं. माझ्याकडे सगळे कागद होते म्हणून निभावलं. तरी त्या महिन्याभरात बायकोने जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. यांना विचारा, आग कुठूनही लागो, समजा स्वयंपाकघरातल्या वायरिंगमुळे, पाहणीला आलेल्या माणसाला बैठकीत चार टनांची न सांगितलेली भट्टी दिसली तर तो ती बघून न बघितल्यासारखं करेल का? जाणूनबुजून लपवलं हे ठरलं तर दावा फेटाळायला त्यांना तेवढं पुरतं. आणि फायरप्लेस म्हणण्यातही राम नाही. फायरप्लेसचे नियम वेगळे, त्या नावाने परमिट घेतलं तर इन्स्पेक्टर त्या मापाने मोजणार आणि नापास करणार.

आता माझ्या आवडीचा भाग, आराखडा. इन्स्पेक्टरशी तुमची गाठ पडेल ती एका आकड्यावरून: ३६ इंच की ४ इंच. आर १००२ म्हणतं, हीटरच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून जळाऊ वस्तू, म्हणजे लाकडी भिंत, प्लायवूड, खिडकीची चौकट, ३६ इंच लांब हवी आणि मधली जागा मोकळ्या हवेची. तीन फूट सोडले तर तुमच्या खोलीत सोफा राहणार नाही. पण लगेच खाली अपवाद आहे: हीटरची भिंत निदान ८ इंच भरीव बांधकामाची असेल आणि जाळ फिरतो त्या बोळांची भिंत निदान ५ इंच, तर ४ इंच अंतर चालतं. वरच्या झाकणाच्या लादीपासून लाकडी छतापर्यंत मात्र ८ इंच हवेत. इन्स्पेक्टरने हे कलम रोज उघडलेलं नसतं, तो ३६वर थांबतो. म्हणून नुसतं बाहेरून कसा दिसेल याचं गोड चित्र देऊ नका. गवंड्याकडून उभा छेद आणि आडवा छेद काढून घ्या, आणि प्रत्येक भिंतीवर जाडी आकड्यात लिहून घ्या: आतली फायरब्रिक (आग सोसणारी वीट) किती, मधली फट किती, बाहेरचा सोपस्टोन (संगजिऱ्याचा दगड) किती. बोळांच्या जागी वेगळा आकडा. दारासमोरची न जळणारी फरशी किती पुढे येते तेही. बाजूला कलमाचा क्रमांक. नकाशे तपासताना मला असा कागद मिळाला की मी चहा गार व्हायच्या आत शिक्का मारत असे.

दुसरी गाठ पायाशी. लाकडी जमिनीवर हे धूड बसत नाही, खालून बीम कितीही लावा. त्याचा आधार न जळणारा हवा आणि तो थेट मातीपर्यंत गेला पाहिजे. तुमच्याकडे तळघर आहे, म्हणजे तळघराच्या फरशीत चौकोन कापून नवा पाया, त्यावर काँक्रीट ब्लॉकचं जोतं, आणि वरच्या मजल्याच्या पातळीला हीटर. तळघराची ती जुनी फरशी पाया नाही, ती बहुधा चार इंचांची असते, तिच्यावर विसंबू नका.

पाटीवर हिशेब करून दाखवतो. समजा हीटर ४ टन, विटांचं धुराडं ३ टन, ब्लॉकचं जोतं २ टन. झाले ९ टन, म्हणजे साधारण २०,००० पौंड. मातीची वेगळी चाचणी नसेल तर चिकणमातीला संहिता चौरस फुटाला १,५०० पौंड धरते, आणि तुमच्या बाजूला ती लाल चिकणमाती भरपूर. भागाकार केला की सव्वातेरा चौरस फूट येतात. चार बाय चार फुटांचा पाया घेतला तर सोळा चौरस फूट, पण पायाचं स्वतःचं वजन धरलं की तोही काठावरच बसतो. जाडी १२ इंचांपेक्षा कमी नको, आणि जोत्याच्या बाहेर चारी बाजूंनी ६ इंच तो पुढे यायला हवा. हे आकडे माझे ढोबळ आहेत. तुमच्या हीटरचं खरं वजन गवंड्याकडून लिहून घ्या आणि स्थानिक स्ट्रक्चरल इंजिनियरकडून एका पानाचं पत्र सही-शिक्क्यासकट घ्या. त्या एका पानाने बांधकाम कार्यालय आणि विमा कंपनी, दोघांचेही निम्मे प्रश्न संपतात.

धुराडं घराच्या आतूनच न्या. बाहेरच्या भिंतीला लावलं तर त्याचा पाया दंवरेषेखाली, म्हणजे हिवाळ्यात जमीन गोठते त्या खोलीच्या खाली, जायला हवा, म्हणजे तुमच्या उत्तर भागात पाच फूट, आणि वर थंड धुराडं नीट ओढत नाही. आतून नेताना लाकडी तुळयांपासून २ इंच मोकळे. ती फट इन्सुलेशनने बुजवायचा मोह सगळ्यांना होतो, बुजवू नका. छतावर, जिथून बाहेर पडतं तिथून निदान ३ फूट उंच, आणि १० फुटांच्या आत छताचा जो कुठला भाग असेल त्याच्यापेक्षा २ फूट उंच.

काँक्रीट ओतायच्या आधी इन्स्पेक्टरला बोलवायचं, आधी. खड्डा आणि सळया त्याने डोळ्यांनी बघितल्या पाहिजेत. नंतरची चूक मी स्वतः भोगली आहे. आमच्या हीटरचा आतला गाभा झाला, इन्स्पेक्टर दोन दिवस आजारी, आणि गवंडी म्हणाला, थांबण्यात अर्थ नाही, दगड लावून घेतो. तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आला आणि म्हणाला, बोळांची भिंत पाच इंच आहे हे मी कशावरून मानू? चार दगड काढावे लागले. तेव्हा रोज संध्याकाळी, काम थांबलं की, मोजपट्टी विटांना लावून फोटो काढा. पट्टीवरचा आकडा वाचता आला पाहिजे. हे फोटो पुढे विमा कंपनीलाही जातात आणि घर विकताना खरेदीदाराच्या तपासनीसालाही.

तुम्ही गावाबाहेर राहता म्हणून एक शंका. मिनेसोटात काही ग्रामीण भागांत बांधकाम संहिता राबवणारं कार्यालयच नसतं, तिथे परमिट द्यायला कुणी नाही. तुम्हाला यूएल नंबर विचारला गेला म्हणजे तुमच्याकडे कार्यालय असावं, पण ते तुमच्याच टाउनशिपचं, म्हणजे तुमच्या ग्रामीण विभागाचं, काम बघतं का, ही खात्री करा. नसेल तर हायसं वाटून घेऊ नका. विमा कंपनी तपासणीचा दाखला मागेल आणि तो द्यायला कुणी नसेल, ही जास्त अवघड परिस्थिती. तेव्हा इंजिनियरचं पत्र, आणि सीएसआयए या धुराडे-सुरक्षा संस्थेचं प्रमाणपत्र असलेल्या धुराडं तपासणाऱ्याकडून एनएफपीए २११ या धुराड्यांच्या मानकाप्रमाणे दुसऱ्या पातळीची तपासणी करून घ्या. त्यात धुराड्यात कॅमेरा सोडतात. तो अहवाल दाखल्याच्या जागी चालेल का, हे कंपनीला आधीच विचारून ठेवा.

‘ईपीए प्रमाणित आहे का?’ हेही कुणीतरी विचारेल. लाकूड जाळणाऱ्या स्टोव्हच्या धुरासाठी ईपीएने, म्हणजे संघराज्याच्या पर्यावरण खात्याने, २०१५ साली जे नवे नियम काढले त्यांच्या अंतिम रूपात मेसनरी हीटर घेतलेलेच नाहीत. म्हणून प्रमाणपत्र नाही, आणि ते नसणं म्हणजे नियमभंगही नाही. तेवढंच उत्तर द्या. इतर राज्यांतल्या वाचकांनी मात्र हे उत्तर उचलू नये. वॉशिंग्टन आणि कोलोरॅडोचे धुराबाबत स्वतःचे नियम आहेत. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात तर २०१६च्या नोव्हेंबरपासून नव्या बांधकामात लाकूड जाळणारं काहीच बसवता येत नाही, त्यामुळे तिथल्या फ्रीमाँटच्या मंडळींनी गोधडीवरच भागवावं. कॅनडातल्यांचा रस्ता वेगळा: तिथे सीएसए बी ३६५ ही बसवण्याची संहिता, आणि विमा कंपनी बहुतेक वेळा वेट (डब्ल्यूईटीटी) या प्रशिक्षण संस्थेने प्रमाणित केलेल्या तपासनीसाचा अहवाल मागते.

हो, संघराज्याच्या करसवलतीच्या भरवशावर बजेट आखलं असेल तर ते पुन्हा आखा. लाकडाच्या हीटरवरची ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ला संपली.

एक गोष्ट कुणीच विचारणार नाही, मी विचारतो: तुमच्या स्वयंपाकघरातला हूड किती जोराचा आहे? आपल्या घरांत फोडणीच्या धास्तीने मोठा हूड असतो. मिनिटाला ४०० घनफुटांपेक्षा जास्त हवा ओढणारा असेल तर संहिता बाहेरून तेवढी हवा आत आणायची सोय मागते, आणि घरात लाकूड जाळणारं काही असलं की मिनेसोटाचा हिशेब आणखी कडक होतो. कारण साधं आहे. घट्ट बांधलेल्या घरात हूड चालू केला की तो हवा शोधतो, आणि सगळ्यात सोपी वाट धुराड्यातून खाली. मिरचीचा खाट बाहेर जातो आणि हीटरचा धूर खोलीत येतो. परमिटच्या अर्जात हूडचा आकडा स्वतःहून लिहा आणि हीटरला बाहेरच्या हवेची वेगळी नळी आराखड्यातच दाखवा. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीच्या १० फुटांच्या आत हवेत, हा मिनेसोटाचा कायदा आहे. आणि निखारे लाल असताना ऊब वाचवायला झडप लावायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला शिकवा, सासूबाईंनाही. चुलीला झडप नसते, त्यामुळे त्यांना हे नवं असेल.

विमा कंपनीच्या प्रश्नावलीत लाकूड कुठे ठेवणार आणि राख कुठे टाकणार हे बहुधा असतं. लाकूड बाहेर शेडमध्ये, फोडून, रचून, निदान एक उन्हाळा काढलेलं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, २० टक्क्यांच्या खाली आकडा आला की जाळायचं. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, आणि बादली लाकडी डेकवर नाही, दगडावर किंवा मातीवर. राखेतला निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहू शकतो. गावाकडे राख परसात नेऊन ओततात तिथे मातीच असते, इथे डेक असतो.

बांधून झाल्यावर गवंडी पहिले काही दिवस रोज थोड्याशा लाकडाची लहान आग पेटवायला सांगेल, विटांतलं पाणी हळूहळू जावं म्हणून. शेवटची तपासणी होऊन दाखला हातात येईपर्यंत मोठी आग नाही. त्या दाखल्याची प्रत त्याच दिवशी एजंटला पाठवा आणि बदललेली पॉलिसी आली की तिच्या पहिल्या पानावर हीटरचा उल्लेख आहे का ते स्वतः वाचा. नसेल तर पुन्हा लिहा.

राहिला ओव्हन. जोडता येतो, फिनिश हीटरमध्ये भट्टीच्या वर किंवा मागे तो बऱ्याचदा असतो. पण आत्ता ठरवा. ओव्हन म्हणजे दुसरं दार, त्या बाजूला वेगळं अंतर, भिंतींची वेगळी जाडी. आराखडा मंजूर झाल्यावर तो घुसवलात तर परमिट पुन्हा पहिल्यापासून. सासूबाईंची भाकरी त्यात होणार नाही, तिला खालून उघडा जाळ लागतो. रताळी मात्र होतात. आग विझून दोन-तीन तास झाले की आत सारायची, दार लावायचं आणि विसरून जायचं. आमच्याकडे एकादशीच्या आदल्या रात्री टाकतो.